वही रिकामी झाली, तेव्हापासून

प्रश्न

उत्तर गोव्यातल्या एका खासगी इस्पितळात आठ खाटांचा आयसीयू सांभाळणाऱ्या इन्चार्ज सिस्टरचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

नऊ वर्षं त्याच आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून काढल्यावर सव्वा वर्षापूर्वी त्या इन्चार्ज झाल्या. पूर्वी तिथून वर्षाकाठी दोन-तीन इन्सिडंट फॉर्म (चूक वर कळवायचे) जायचे. त्यांनी काउंटरवर एक वही ठेवली, झालेली किंवा होता होता राहिलेली चूक तिच्यात लिहायला सांगितली आणि रोज सकाळी ओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवायच्या वेळी ती वाचायला सुरुवात केली. तीन महिन्यांत १७ नोंदी झाल्या. मासिक बैठकीत व्यवस्थापनानं विचारलं, "बाकीच्या वॉर्डांत काही नाही, तुमच्याकडेच एवढ्या चुका कशा?"

मग चतुर्थीच्या आठवड्यात, रात्रपाळीत, एका सिस्टरनं इन्सुलिनचं इन्फ्युजन (पंपातून सावकाश द्यायचं औषध) भरलं. नेहमी मिलिलिटरला ४० युनिटची बाटली असते, त्या दिवशी फार्मसीतून १०० युनिटची आली होती. हाताच्या सवयीनं तिनं १.२५ मिलिलिटर घेतलं, म्हणजे ५० युनिटच्या जागी १२५ गेले. तासाभरानं तपासली तेव्हा रुग्णाची साखर ५२, धोक्याइतकी कमी. पंप बंद केला, डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) दिलं, रुग्ण सावरला. त्या सिस्टरला मेमो मिळाला. ती पत्रलेखिकेची नऊ वर्षांची मैत्रीण. आता कामापुरतंच बोलते. त्या दिवसापासून तीन आठवडे वहीत एकही नोंद नाही. व्यवस्थापन म्हणतं, "बघा, शिस्त लावली की सुधारणा होते."

त्यांचा प्रश्न : "ताई, मी ही वही बंद करू का? मी इन्चार्ज झाल्यापासूनच चुका वाढल्या. मला हे जमत नाही, असंच ना?"

उत्तर

ताई म्हणालीस, तर मीही तुला 'तू' म्हणते. तुझ्या वयाच्या कितीतरी मुली माझ्या हाताखालून गेल्या आहेत.

तुझ्या १७ नोंदी वाचून मला काही वाटलं नाही. त्यानंतरचे तीन रिकामे आठवडे वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला. आठ खाटा, तीन शिफ्ट, वेंटिलेटर, दिवसाला शेकडो इंजेक्शनं, आणि तीन आठवड्यांत साधी एक लेबल नसलेली सिरिंजसुद्धा सापडली नाही? तुला हे खरं वाटतं का? मला नाही वाटत. तुला तरी वाटत असतं तर तू पत्र लिहिलं नसतंस.

'मी आल्यापासून चुका वाढल्या' हे वाक्य आधी सोलून बघू. वाढल्या, की दिसायला लागल्या? ॲमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात दोन इस्पितळांतल्या आठ युनिट्समधल्या औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या, मिळून काम करणाऱ्या युनिटमध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे आले : जिथे इन्चार्ज चांगली, तिथे चुका जास्त. त्या चक्रावल्या, आणि खोलात गेल्यावर कळलं की चांगल्या युनिटमधल्या नर्स चुका लपवत नव्हत्या, म्हणून त्या मोजल्या जात होत्या. तुझ्या व्यवस्थापनाचा प्रश्न मी उलटा विचारला असता. आयसीयूत १७ आणि बाकीच्या वॉर्डांत शून्य, तर त्या वॉर्डांत काय चाललंय?

पण लगेच पाठ थोपटून घेऊ नकोस. १७ पैकी काही चुका खरोखरच वाढलेल्या असू शकतात. नव्या मुली किती आल्या, किती जणी आखातात किंवा युरोपात निघून गेल्या, एकेकीच्या वाट्याला किती रुग्ण आले, हे नोंदींशेजारी मांडून बघ. चतुर्थीत निम्मा स्टाफ गावी जातो. आमच्या वेळी ख्रिश्चन मुली चतुर्थी सांभाळायच्या आणि आम्ही नाताळ, तो अलिखित करार होता. आता स्टाफच एवढा कमी की करार करणार कोण? त्या रात्री तुझ्या मैत्रिणीकडे किती रुग्ण होते, हे तू लिहिलेलं नाहीस. वेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स, हे सगळ्यांना पाठ असतं आणि ड्युटी लिस्ट लावताना कुणालाच आठवत नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा आयकेन यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ इस्पितळांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ते साधे वॉर्ड होते. आयसीयूचं तूच ठरव.

आता इन्सुलिनची रात्र. मेमोत काय लिहिलं होतं, ते पाहिलं नसलं तरी सांगते : 'निष्काळजीपणा'. मी चाळीस वर्षांत वाचलेल्या बहुतेक मेमोंत हाच शब्द होता. ती बाटली तुझ्या मैत्रिणीच्या हातात येईपर्यंत कुठून कुठून आली, ते बघ. खरेदी विभागानं नेहमीचा माल नव्हता म्हणून दुसरा मागवला. फार्मसीनं न सांगता वर पाठवला. ज्यानं फ्रिजमध्ये ठेवला त्यानं तो जुन्या बाटल्यांच्याच खणात ठेवला. रात्री दुसऱ्या सिस्टरनं डबल चेकची सही केली, बहुधा चालता चालता. तुझी मैत्रीण या साखळीतली शेवटची. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं याला भोकं पडलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली होती : प्रत्येक चकतीला भोक असतंच, एखाद्या दिवशी सगळी भोकं एका रेषेत येतात. मला आपली घावनाच्या जाळीची उपमा जास्त पटते, पण ते असो. मेमो एकाच चकतीला मिळाला. खरेदीवाल्याला मिळाला का? फार्मसिस्टला?

रीझनच्याच विचारांतून आलेली एक कसोटी आहे, ती वापर. त्या जागी, त्या रात्री, तेवढेच रुग्ण अंगावर असताना तुझ्या युनिटमधली दुसरी चांगली सिस्टर असती, तर तिच्याही हातून हे घडलं असतं का? तू असतीस तर? उत्तर 'हो' असेल, तर मेमो चुकीच्या टेबलावर गेला. सगळ्याच चुका माफ करायच्या असं माझं म्हणणं नाही. हात घसरणं वेगळं, सगळ्यांना लागलेली आडवाट, म्हणजे नियम गाळून काम उरकायची सवय, वेगळी आणि जाणूनबुजून केलेलं वेगळं. पहिलीला धीर द्यायचा, दुसरीला बसवून शिकवायचं, शिवाय आडवाट का पडली तेही शोधायचं. नार्कोटिकच्या नोंदी खोट्या करणारीला किंवा न बघता बीपीचे आकडे भरणारीला मात्र मीही सोडलं नसतं.

आता तुला लागेल असं बोलते. मेमोवर सही तुझी होती, हे तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस. आणि वहीत नावं असतात, ती सकाळी सगळ्यांसमोर वाचली जातात, हेही. तुझा हेतू चांगला होता. पण रात्रभर उभ्या राहिलेल्या मुलीला सकाळी आठ वाजता, दिवसपाळीच्या आणि दोन आरएमओंच्या (निवासी डॉक्टरांच्या) समोर आपली चूक आपल्या नावासकट ऐकावी लागते, तेव्हा तिला ती हजेरीच वाटते. तरी तीन महिने त्यांनी लिहिलं, कारण तुझ्यावर भरवसा होता. मेमो आला आणि तो संपला.

हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाही. पंचविशीत मी एका इस्पितळात होते. तेव्हा ट्रॉलीवर एकाच ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या आणि पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्युल शेजारी शेजारी असायच्या, दिसायला जवळजवळ सारख्या. पहाटे अँटिबायोटिकची पूड विरघळवायला मी पाण्याऐवजी पोटॅशियम ओढलं. १० मिलिलिटरची एक ॲम्प्युल एकदम शिरेतून गेली तर हृदय बंद पडू शकतं. का कोण जाणे, रिकामी ॲम्प्युल टाकताना माझी नजर अक्षरांवर गेली. हात थरथरत होते. सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली आणि कुणालाही सांगितलं नाही. मेट्रनचा धाक, आणि शिवाय काही झालं तर नव्हतंच. अकरा महिन्यांनी त्याच ट्रेमधून दुसऱ्या एका मुलीनं तेच केलं. तिची नजर गेली नाही. रुग्ण वाचला नाही, मुलीनं नर्सिंग सोडलं. त्यानंतर पोटॅशियम ट्रॉलीवरून काढून वेगळ्या कपाटात कुलपाखाली ठेवलं. ते मी अकरा महिने आधी सांगितलं असतं तरी ठेवता आलं असतं.

म्हणून वही बंद करू नकोस. पण आहे तशी चालवूही नकोस.

नाव लिहायचा रकानाच काढून टाक. काय झालं, केव्हा, कुठल्या वस्तूमुळे, आणि कशामुळे सापडलं, एवढं पुरे. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण आपल्या कुठल्या सवयी खरोखर वाचवतात ते त्यातून कळतं. तुझ्या रुग्णाला तासाच्या तासाला साखर तपासायच्या सवयीनं वाचवलं. जिनं ती तपासली तिला कुणी शाबासकी दिली का? सकाळी सगळी यादी वाचू नकोस. एकच गोष्ट घे, पाच मिनिटं, आणि त्या दिवसापुरतं काय बदलायचं तेवढं सांग. पहिल्याच दिवशी तुझी स्वतःची एखादी चूक सांग. नऊ वर्षांत एकही झाली नाही असं म्हणशील तर मी हसेन. आणि जिनं लिहिलं तिला आठवड्याच्या आत उत्तर मिळायला हवं : 'तू लिहिलंस, त्यावरून हे केलं', किंवा 'हे होणार नाही, कारण असं'. लिहून काहीच घडत नाही म्हटलं की भीती नसली तरी पेन उचलत नाही.

डबल चेकचं बघ. "बघ गं, बरोबर आहे ना?" म्हणून सिरिंज पुढे केली की समोरची 'हो'च म्हणते. तिला उत्तर आधीच सांगितलेलं असतं. पहिलीनं आपलं गणित झाकून ठेवायचं, दुसरीनं बाटली हातात घेऊन त्यावरचे आकडे मोठ्यानं वाचायचे आणि स्वतः हिशोब करायचा. दोन्ही जुळले तर सही. सगळ्या औषधांना हे जमणार नाही, वेळच नसतो. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, नॉरॲड्रिनलिन, झोपेची आणि स्नायू सैल करणारी औषधं, एवढ्यांना ठेव. इन्सुलिन फक्त इन्सुलिनच्या सिरिंजनं ओढायचं. ४० युनिटला लाल टोपीची, १०० ला नारिंगी. खरं तर युनिटमध्ये दोन्ही प्रकार नसलेलेच बरे.

तोंडी ऑर्डर हा आपल्याकडे आणखी एक खड्डा. एकाच शिफ्टला पेडण्याची, केरळची, मणिपूरची आणि बेळगावची मुलगी असते. आरएमओ फोनवर घाईत इंग्रजी बोलतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत किती अंतर आहे, ते ऐकणारीलाच माहीत. 'वन-फाइव्ह' असा अंक-अंक परत म्हणून घ्यायचा, लिहायचा, मग फोन ठेवायचा. डॉक्टर चिडले तर चिडू देत.

डॉक्टर चिडण्यावरून एक आठवलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालताना पाच गोष्टी पाळायच्या असं ठरवलं : हात धुणं, अंगभर निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिननं त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतून लाइन न घालणं, आणि गरज संपताच ती काढणं. नवं काहीच नाही, सगळं पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं. लाइनच्या दर हजार दिवसांमागे रक्तातल्या जंतुसंसर्गाचं सरासरी प्रमाण ७.७ होतं, ते दीड वर्षात १.४ वर आलं. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. लोक त्यातली यादीच लक्षात ठेवतात, भिंतीवर चिकटवतात. पण डॉक्टरनं एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार तिथे नर्सला दिलेला होता आणि वरिष्ठ तिच्या मागे उभे होते. हे भिंतीवर चिकटवता येत नाही. तुझ्या मुलीनं रात्री दोन वाजता कन्सल्टंटला थांबवलं, तर सकाळी तू कुणाची बाजू घेशील? तिला हे आत्ताच माहीत असायला हवं. धाडस होत नसेल तर शब्द आधी घोटून घ्यायचे : "सर, मला काळजी वाटते. हे मला बरोबर वाटत नाही. पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, थांबू या." शिफ्टच्या सुरुवातीला चार वेळा म्हणून बघितलं की गरजेला तोंडातून निघतं.

व्यवस्थापनापुढे चुकांचा आकडा घेऊन जाऊ नकोस. तिथे 'कमी म्हणजे चांगलं' एवढंच गणित चालतं. लाइनचा संसर्ग, वेंटिलेटरचा न्यूमोनिया, लघवीच्या नळीचा संसर्ग यांचं प्रमाण ने. झालेले संसर्ग भागिले नळीचे एकूण दिवस गुणिले हजार, रोज मध्यरात्री कुणीतरी नळ्या मोजल्या की झालं. शिवाय बेडसोअर, अचानक निघालेल्या ट्यूब. आणि १७ पैकी किती चुका रुग्णापर्यंत पोचण्याआधीच पकडल्या, तो आकडा. नोंदी वाढल्या आणि इजा कमी झाली, तर तुझं काम चाललंय. नोंदीही वाढल्या आणि इजाही, तर स्टाफ मागायला तुझ्या हातात कागद आहे. इस्पितळांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांतही घटना नोंदवून तिचं कारण शोधणं अपेक्षित आहे, हे त्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही. १७ सप्टेंबरला, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ पासून सुरू केलेल्या रुग्ण सुरक्षा दिनाला, तुमच्याकडेही रांगोळी आणि पोस्टर झालं असेल. पुढच्या वर्षी पोस्टरऐवजी एक मागणी कर : संचालकांपैकी एकानं महिन्यातून एकदा आयसीयूत येऊन अर्धा तास उभं राहावं आणि 'पुढची चूक कुठे होईल असं वाटतं?' एवढंच विचारावं.

भीतीबद्दल खोटं बोलणार नाही. अमेरिकेतल्या टेनेसीत २०१७ मध्ये एका नर्सनं गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं औषध दिलं, रुग्ण दगावली. नर्सनं चूक लगेच कबूल केली. तरी २०२२ मध्ये तिला फौजदारी न्यायालयानं दोषी ठरवलं. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरला ती दोन वर्षांपर्यंत मर्यादित केली, नर्सचा त्यात उल्लेख नाही. तेव्हा मुली घाबरतात ते उगाच नाही. गंभीर इजा झालेली घटना वहीत न लिहिता रीतसर फॉर्मवर, वेळेवर, फक्त घडलं तेवढं लिहून वर पाठवायची आणि प्रत आपल्याकडे ठेवायची. केस शीटवरचा एक आकडाही नंतर बदलायचा नाही. चुकीपेक्षा खाडाखोड माणसाला जास्त गोत्यात आणते.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. रुग्णाच्या घरच्यांना सांगितलं का?

सांगितलं नसेल, असं धरून चालते. गोवा एवढासा. तुमचा वॉर्डबॉय ज्या वाड्यावरचा, तिथंच रुग्णाच्या सुनेचं माहेर. महिन्याभरात ही गोष्ट त्यांच्या कानावर जाईल आणि तोवर तिला शिंगं फुटलेली असतील. कन्सल्टंटनी सांगावं, तू शेजारी बसावंस, आणि कोंकणीत, घरात बोलतात तसं : इन्सुलिन जास्त गेलं, तासाभरात लक्षात आलं, हे उपाय केले, आता धोका नाही, पुन्हा होऊ नये म्हणून हे बदललं. सिस्टरचं नाव घ्यायचं कारण नाही. ते रागावतील. त्यांना रागवायचा हक्क आहे. तू तिथून उठू नकोस.

तुझ्या मैत्रिणीबद्दल सल्ला मागितला नाहीस, पण पत्राचा अर्धा भाग तिचाच होता. तिच्या घरी जा. ड्युटीवर, चेंजिंग रूममध्ये हे बोलणं करू नकोस. 'तुझं चुकलं पण' अशी सुरुवात नको. "मेमोवर सही करायला नको होती, मी घाबरले" एवढं म्हण आणि गप्प बस. मेमो मागे घ्यावा म्हणून तू लेखी पत्र दिलंस, तर त्याची प्रत घेऊन गेलीस तरच या बोलण्याला अर्थ. ते मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. ती लगेच बोलेल असंही नाही. त्या रात्रीनंतर तिला झोप लागते का, विचार. रुग्ण वाचला तरी हात आठवत राहतात, हे मी सांगू शकते.

आणि तुला जमतं का? पहिल्या दोन वर्षांत कुणालाच जमत नाही. तिसऱ्या वर्षी कळव.

इन्सुलिनचं मात्र उद्या सकाळी ड्युटीवर गेल्या गेल्या बघ. मेमो निघाला, बैठक झाली, पण त्या १०० युनिटच्या बाटल्यांचं काय केलं हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. माझा अंदाज आहे, त्या अजून त्याच खणात आहेत.